ॲफ्रोबास्केटच्या टेबलावर बसायचंय? आधी रिंगकडे बघायला शिका

मुलींच्या १८ वर्षांखालच्या ॲफ्रोबास्केटमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, मैदानाकडेच्या टेबलावर गुणांची आणि वेळेची नोंद ठेवायचं काम कसं मिळतं, हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणी विचारतात. काही जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडे नव्याने राहायला आलेल्या, काही नैरोबी, दार-ए-सलामच्या, काही थेट नागपूर-पुण्याच्या. खेळ तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. क्वार्टर किती, फाउल किती, तीन गुणांची रेषा कुठे, हे पुन्हा सांगत नाही. एका गोष्टीवर मात्र मी खूप वेळ घेणार आहे, कारण तिने मला महिनोन्महिने छळलं आणि ती कुणी नीट समजावून सांगितली नाही.

आधी स्पर्धेचं वजन समजून घ्या. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी, सम वर्षी होते. २०१८ मध्ये मापुतो, २०२० मध्ये कैरो, २०२२ मध्ये अंतानानारिव्हो आणि २०२४ मध्ये प्रिटोरिया. चारही वेळा मालीच्या मुली जिंकल्या. पण नव्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की इथे सेमीफायनल फायनलपेक्षा मोठी असते. फायनलला पोहोचणारे दोन्ही संघ १९ वर्षांखालच्या विश्वचषकाला जातात, तिसऱ्या क्रमांकाला तिकीट नाही. प्रिटोरियातून माली आणि नायजेरिया २०२५ च्या ब्रनोच्या विश्वचषकाला गेले. बाकीच्यांची त्या वयोगटातली वाट तिथेच संपली. २०२१ मध्ये डेब्रेसेनला मालीच्या मुली जगात चौथ्या आल्या. त्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत सिका कोने होती आणि पुढच्याच वर्षी तिला डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या संघाने निवडलं. प्रिटोरियाची स्पर्धा भरली तेव्हा नायजेरियाच्या मोठ्या मुलींनी पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी गाठून काही आठवडेच झाले होते. आफ्रिकेच्या कुठल्याच बास्केटबॉल संघाला, पुरुषांच्या किंवा बायकांच्या, त्याआधी ते जमलं नव्हतं. मैदानावरच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना हे सगळं पाठ असतं. त्यांच्या एका बास्केटचा हिशेब तुमच्या हातात असतो, हे मनात ठेवूनच टेबलाशी बसा.

काम मिळतं ते यजमान देशाच्या संघटनेकडून. रेफरी आणि कमिशनर (मॅचवर देखरेख ठेवणारे अधिकारी) बाहेरून येतात, टेबलावरची माणसं बहुतेक स्थानिक असतात. म्हणून फिबाला (जागतिक बास्केटबॉल महासंघाला) मेल पाठवत बसू नका. तुमच्या शहरातल्या लीगमध्ये जा, शनिवार-रविवारी शाळांच्या आणि क्लबांच्या मॅचेसला बसू द्या म्हणून सांगा, संघटनेचा टेबलाचा कोर्स निघाला की नाव घाला. मोठी स्पर्धा आली की संघटना याच माणसांतून निवड करते. आणि व्हिसा आधी तपासा. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या बऱ्याच जणींच्या व्हिसावर पगारी काम चालत नाही. माझ्याही चालत नव्हतं. मानधन, प्रवासभत्ता, असं काहीही हातात घेण्याआधी वकिलाला किंवा व्हिसा कार्यालयाला विचारा. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या संघाला शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ. त्याचे आकडे १४ आणि २४.

नव्या माणसाला शॉट क्लॉकवर बसवू नये, हे माझं ठाम मत आहे. ‘फक्त बटण तर दाबायचंय’ असं म्हणून सगळीकडे नव्यांनाच तिथे बसवतात. एका लीगमध्ये मलाही असंच बसवलं होतं. टेबलावरचं सगळ्यात अवघड काम तेच आहे. स्कोअरशीटवरची चूक पुढच्या डेड बॉलला (खेळ थांबला की) दुरुस्त करता येते, शॉट क्लॉकला तेवढी उसंतच नसते.

प्रेक्षक म्हणून आपल्या डोळ्यांना एक सवय लागलेली असते. शॉट मारला की आपण म्हणतो, झालं, आता नवीन सुरुवात. हात आपोआप रिसेटकडे जातो. सापळा नेमका इथे आहे. शॉट मारल्याने क्लॉक बदलत नाही. चेंडू रिंगला लागला का, आणि त्यानंतर तो कुणाच्या ताब्यात गेला, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय रिसेट नाही. रिंगला लागून चेंडू बचाव करणाऱ्या संघाने धरला तर २४. मारणाऱ्याच संघाने परत मिळवला तर १४. रिंगला लागलाच नाही आणि मारणाऱ्याच संघाने धरला, तर काहीच नाही, क्लॉक चालूच. सहा सेकंद उरले असतील तर सहाच.

आता यातल्या खाचाखोचा एकेक करून बघा, कारण चुका त्यांतच होतात. चेंडू फक्त बोर्डाला लागला, रिंगला नाही: रिसेट नाही. शॉट ब्लॉक झाला आणि चेंडू त्याच संघाकडे परत आला: रिसेट नाही. पासच वाकडा जाऊन रिंगला लागला आणि त्याच संघाने धरला: तो पास होता म्हणून सोडायचं नाही, १४ द्यायचे. चेंडू रिंग आणि बोर्डाच्या मधे अडकला आणि पुढचा ताबा कुणाचा ते दाखवणारा टेबलावरचा बाण शॉट मारणाऱ्या संघाकडे होता: १४. बचाव करणाऱ्या मुलीने चेंडूला नुसता हात लावला, बाहेर घालवला, थ्रो-इन त्याच संघाला: रिसेट नाही. दोघींनी चेंडू धरून ठेवला आणि बाणाने तो आधीच्याच संघाला मिळाला: उरलेली वेळ तशीच. फ्रंट कोर्टमध्ये (हल्ला करणारा संघ ज्या रिंगवर शॉट मारतो त्या अर्ध्या मैदानात) बचावाचा फाउल झाला आणि १४ किंवा जास्त सेकंद उरले असतील तर हात लावू नका, १३ किंवा कमी असतील तर १४ करा. तोच फाउल बॅक कोर्टमध्ये झाला तर २४. ताबाच बदलला आणि नव्या संघाचा थ्रो-इन त्यांच्या फ्रंट कोर्टमध्ये असेल, तर त्यांनाही १४ च.

हे सगळं एका रात्रीत पाठ होतं. नियम माहीत नसतो म्हणून चूक होत नाही. हात डोळ्यांच्या पुढे धावतो म्हणून होते. त्याचा उपाय क्लॉकच्या यंत्रातच आहे आणि तो बरेच जण वापरत नाहीत. चेंडू रिंगला लागला की क्लॉक थांबवून पाटी, म्हणजे आकडा दाखवणारा फलक, कोरी करायची. कोरी पाटी म्हणजे तुम्ही उत्तर दिलेलं नाही, अजून बघताय. दोन-तीन जणी चेंडूवर झेपावतात, तो बोटांवरून उडतो, जमिनीवर आपटतो, या सगळ्या वेळात पाटी कोरीच राहू द्या. कुणीतरी तो दोन्ही हातांत धरला किंवा ड्रिबल सुरू केलं, की मग १४ किंवा २४. टिप (चेंडूला नुसतं बोट लागणं) म्हणजे ताबा नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि मुलींच्या, त्यातही या वयाच्या मॅचेसमध्ये हे फार जास्त वेळा होतं. मोठ्या पुरुषांच्या मॅचवर सराव करून इथे येणाऱ्यांची फसगत होते. चेंडू सहा नंबरचा, रिंग मात्र तीच, ३.०५ मीटर उंच. क्लॉक संपत आलं की घाईने मारलेला शॉट रिंगपर्यंत पोहोचत नाही, एअरबॉल पुष्कळ. मालीसारखे संघ पूर्ण मैदानभर प्रेस लावतात (चेंडू असलेल्या संघाला सगळीकडे भिडून अडवतात), त्यामुळे दहा सेकंदांत चेंडू तीनदा इकडून तिकडे जातो, जमिनीवर लोळण घेऊन धरला जातो, पुन्हा सुटतो. प्रत्येक वेळी तुम्हाला ठरवायचं असतं: ताबा बदलला, की फक्त हात लागला? बॅक कोर्टमधून चेंडू पुढे न्यायच्या आठ सेकंदांसाठीही रेफरी तुमच्याच पाटीकडे बघतात. म्हणजे तुमचा चुकीचा २४ आणखी एका निर्णयाला बिघडवतो.

घाबरवायला सांगत नाही. नियमांतही तुमच्यासाठी आधार आहे. संघाकडे ताबा असताना चुकून हॉर्न वाजला, तर तो धरायचा नाही, खेळ चालू राहतो. कुणाचं नुकसान झालं असं रेफरीला वाटलं तरच तो थांबवतो आणि वेळ दुरुस्त करून देतो. म्हणून हॉर्न चुकला तर कमिशनरला लगेच, स्पष्ट सांगा: ‘सात होते.’ मनात आकडा धरून ठेवणारी मुलगी कुठल्याही टेबलाला हवी असते. सतत पाटीवरचा आकडा ओठांत पुटपुटायची सवय लावून घ्या.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. फिबाच्या यूट्यूब चॅनलवर युवा स्पर्धांच्या मॅचेस पूर्ण असतात. सुरुवातीला फक्त एकच काम करा: चेंडू रिंगला लागला की मोठ्याने ‘रिंग’ म्हणा. बाकी काही नाही, गुणसुद्धा बघू नका. ते बसलं की ‘रिंग’नंतर ताबा कुणाचा ते म्हणा. त्यानंतर आकडा. कंटाळा येईल. घरचे वैतागतील. पण एक दिवस तुमच्या लक्षात येईल, की शॉट हवेत असताना डोळे आपणहून चेंडू सोडून रिंगवर जाऊन थांबलेत.

ऑनलाइन प्रमाणपत्रांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. नियम शिकायला ठीक, टेबलावर बसायला त्यांचा उपयोग नाही. गुरू निवडतानाही जपा. मोठमोठ्या रेफरींच्या मागे फिरू नका, ते मैदानाकडे बघत असतात, तुमच्या हाताकडे नाही. मला जे आलं ते एका शाळेतल्या शिक्षिकेकडून आलं. कित्येक वर्षं त्या शनिवारी फक्त स्कोअरशीट लिहायच्या. मॅच चालू असताना त्या एक शब्द बोलत नसत, संपल्यावर खुर्ची ओढून कागद पुढे ठेवायच्या. मॅच चालू असताना कानाशी ओरडून शिकवणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून दूर बसा. तो तुमचं लक्ष तोडतो आणि दोष तुमच्यावर टाकतो.

आणि सुरुवात कागदी स्कोअरशीटपासूनच करा. आता मोठ्या स्पर्धांत सगळं संगणकावर चालतं, पण यंत्र बंद पडलं की कागदच पुढे येतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यांपैकी जास्तीत जास्त दोनच. प्रशिक्षक शेवटी तिसरा मागायला येतोच, तेव्हा ‘नाही’ म्हणायची तयारी ठेवा.

या स्पर्धेत आडनावांवर अवलंबून राहू नका. मालीच्या यादीत त्राओरे, कोने, कुलिबाली, केइता पुन्हा पुन्हा येतात, बहिणी नसतानाही. आद्याक्षर लिहा, पण बोलताना फक्त नंबर बोला. नंबर शून्य, दुहेरी शून्य आणि एक ते नव्व्याण्णव असतात. रेफरी १६ किंवा त्यापुढचा नंबर दाखवताना आधी हाताची मागची बाजू करून दशक दाखवतो, मग पंजा उघडून एकक. पहिला हात चुकला की १६ चा ६ होतो, आणि पाचवा फाउल भलत्याच मुलीच्या नावावर चढतो. शंका आली तर रेफरीला परत दाखवायला लावा. त्यात कमीपणा काही नाही.

भाषेची भीती मात्र सोडा. बाकावर फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी चालू असतं, पण टेबलाशी इंग्रजी आणि हातवारे पुरतात. ‘तां मोर’ म्हणजे टाइमआउट एवढं कळलं तरी खूप झालं. तुम्ही कधी खेळला नाहीत, उंची नाही, वय जास्त आहे, याचा इथे काहीही संबंध नाही. मी पाहिलेल्या सर्वांत भरवशाच्या स्कोअरर बाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांनी आयुष्यात एकही मॅच खेळली नव्हती.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं, की आफ्रिकेत यायची वाट बघत थांबू नका. नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या मैदानावर, पुण्या-नागपूरच्या जिमखान्यांत, आंतरशालेय स्पर्धांत टेबलाला माणसं हवीच असतात. मुलींच्या मॅचेस मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी त्या भर दुपारी, रिकाम्या गॅलरीसमोर लावतात आणि टेबलावर बसायला कुणी तयार नसतं. मला याचा राग येतो, पण शिकायला तीच जागा उत्तम आहे.

इकडे असाल तर वेळापत्रक ध्यानात ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा सम वर्षी, १६ वर्षांखालच्यांची विषम वर्षी. यजमान शहर जाहीर झालं की त्या देशाच्या संघटनेला लगेच लिहा. पत्रात पदव्या लिहू नका. कुठल्या लीगमध्ये, टेबलावर कुठल्या खुर्चीवर, किती काळ बसलात ते लिहा आणि ज्यांच्या हाताखाली शिकलात त्यांचं नाव आणि फोन त्यांना विचारून द्या. शॉट क्लॉकचा नीट सराव झालेला नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि स्कोअरशीट मागा.