शून्य मिनिटाची नळी

निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यातून बारावीनंतर जैवतंत्रज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींचे पालक भेटले की पहिला प्रश्न हमखास असा येतो, की हे शिकून पोरगी नवे बियाणे काढणार का. आमच्या भागात हा विषय म्हटला की लोकांना २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस आठवतो. थोडी अधिक माहिती असलेल्यांना बीटी वांगेही आठवते. त्याच्या विकासात धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचाही सहभाग होता आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. जनुक बदललेले बियाणे हा या विषयाचा एक भाग आहे, परंतु पदव्युत्तर शिक्षणात आणि त्यानंतरच्या नोकरीत माझा बहुतेक काळ उसाचा रस, त्यातले सूक्ष्मजीव आणि एन्झाइम यांच्या मोजमापात गेला. शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हटले होते, त्यालाच प्रयोगशाळेत सगळे एन्झाइम म्हणतात.

आमचा पाच एकरांचा ऊस. तोड होऊन ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, हे माझ्या वडिलांना, आप्पांना, काट्यावरच्या पावतीवरून ठाऊक होते आणि त्यावरून ते मुकादमाशी वादही घालत. वजनापलीकडे त्या उसात आणखी काय घडते, हे मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कळले. तोडलेली कांडी लगेच मरत नाही. तिच्यातले इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम साठवलेल्या सुक्रोजचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करत राहते, आणि ऊन जितके जास्त तितके हे काम वेगाने होते. दुसरीकडे, कोयत्याने कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू आत शिरतो आणि सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. डेक्स्ट्रानमुळे रस घट्ट होतो, गाळणी मंदावते, साखरेचा दाणा लांबट होतो आणि साखरेचा उतारा पडतो. तो तोडण्यासाठी कारखान्यांत डेक्स्ट्रानेज हे दुसरे एन्झाइम वापरता येते, पण ते विकत घ्यावे लागते. म्हणून ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळपाला गेला तर ते सर्वांत स्वस्त पडते. पेटवून तोडलेल्या उसात ही नासाडी आणखी लवकर होते.

मी प्रबंधासाठी हाच विषय घेतला. तोडल्यानंतर किती दिवसांनी इन्व्हर्टेजची क्रिया किती वाढते, ते मला मोजायचे होते. पद्धत प्रत्येक जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत असते तीच, म्हणजे १९५९ मध्ये मिलरने प्रसिद्ध केलेली डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धत. सुक्रोज ही क्षपणकारी (डीएनएससारख्या द्रावणाला इलेक्ट्रॉन देणारी) शर्करा नाही, त्यामुळे पिवळ्या डीएनएस द्रावणाबरोबर उकळली तरी रंग बदलत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र तेच द्रावण नारिंगी-तांबडे करतात. सुक्रोजमध्ये एन्झाइम घालायचे, ठरलेली मिनिटे थांबायचे, डीएनएस घालून उकळायचे आणि ५४० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता वाचायची. जितका रंग गडद, तितके एन्झाइम जास्त काम केलेले, इतके ते सोपे वाटते.

मी रस काढला, सुक्रोज घातले, अर्धा तास थांबले, आणि सगळ्या नळ्या तांबड्याजर्द झाल्या. दोन आठवडे मी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. आकडे दर वेळी जुळत असल्यामुळे मी खूश होते आणि तक्ते रंगवून घेऊन सरांकडे गेले. आमचे सर मूळचे गोकाकचे, ते कन्नडमध्येच विचारायचे. त्यांनी तक्त्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "झीरो मिनिट ट्यूब एल्लैती?" शून्य मिनिटाची नळी कुठे आहे? ती मी ठेवलीच नव्हती.

त्या नळीत सर्व काही तेच असते, फक्त डीएनएस आधी घातलेले असते, त्यामुळे एन्झाइमला काम करायला एक मिनिटही मिळत नाही. मी ती केली तेव्हा तिचाही रंग जवळपास तितकाच तांबडा आला. उसाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मुळातच असतात. मी दोन आठवडे जे मोजत होते ते एन्झाइमचे काम नव्हते, उसात आधीपासून असलेली शर्करा होती. आकडे दर वेळी जुळत होते, कारण चूकही दर वेळी तीच होती.

उपाय सरांनीच सांगितला. रस डायलिसिसच्या, म्हणजे अतिसूक्ष्म भोकांच्या, पिशवीत भरून थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) रात्रभर ठेवायचा. शर्करेचे लहान रेणू पिशवीच्या भोकांतून बाहेर जातात आणि एन्झाइमचे मोठे रेणू आतच राहतात. त्यानंतर मिळालेले आकडे आधीच्या मानाने फारच लहान होते आणि मला ते दाखवायची लाज वाटत होती, पण ताजा ऊस आणि तीन दिवसांचा ऊस यांतला फरक त्यांतच दिसला. प्रबंधात अखेर तेच गेले.

नवख्यांनी हे एवढ्या विस्ताराने का वाचावे, तर या क्षेत्रात पहिल्या दोन वर्षांत येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ अशाच एखाद्या न ठेवलेल्या नळीत असते. एन्झाइम उकळून निकामी केलेली एक नळी, सुक्रोजशिवायची एक नळी आणि शून्य मिनिटाची एक नळी, या तिन्ही दर वेळी ठेवाव्यात. मार्गदर्शक घाईत असले आणि "या वेळी राहू दे" म्हणाले तरी ठेवाव्यात. पिपेट हातात आले की पहिल्याच दिवशी तराजूवर एक मिलीलिटर पाणी दहा वेळा मोजावे. वजन एक ग्रॅमच्या आसपास येत नसेल, तर दोष पिपेटचा आहे की अंगठ्याचा, ते तिथल्या तिथे कळते. डीएनएसचे द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे, कारण ते प्रकाशात खराब होते. आणि वही तारीखवार, शाईने लिहावी. चुकलेला आकडा खोडावा, पण खालचा दिसेल असा एकाच रेघेने.

उती संवर्धनाकडे, म्हणजे वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवण्याकडे, जाणाऱ्यांची संख्या आमच्याकडे मोठी आहे, कारण उसाची रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि तिथे मुलींना काम लवकर मिळते. १९६२ चे मुराशिगे-स्कूग हे पोषक माध्यम, तीन टक्के साखर, ५.८ पीएच, आणि १२१ अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे ऑटोक्लेव्ह, एवढे सगळ्यांचे पाठ होते. (घरचा प्रेशर कुकर आणि ऑटोक्लेव्ह यांचे तत्त्व एकच आहे, हे आईला सांगितल्यावर माझ्या नोकरीविषयीची तिची भीती बरीच कमी झाली.) कठीण भाग पुढे येतो. बाटलीत वर केसाळ बुरशी आली तर ती हवेतून किंवा हातातून आलेली असते आणि लॅमिनारमधल्या (गाळलेल्या हवेच्या कपाटातल्या) कामाची पद्धत सुधारली की कमी होते. पण तिसऱ्या-चौथ्या उपसंवर्धनानंतर (रोपे नव्या माध्यमात हलवल्यानंतर) रोपाच्या बुडाशी माध्यमात पांढुरके धुके पसरले, तर तो जिवाणू बहुधा उसाच्या आतच होता. उसाच्या पेशींमध्ये असे रहिवासी असतातच. ब्राझीलमध्ये १९८८ मध्ये उसाच्या आत राहून हवेतला नत्र बांधणारा असाच एक जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि आज त्याच जातीची जैविक खते शेतकरी विकत घेतात. शेतात जो मित्र, तोच बाटलीत उपद्रव. म्हणून बेणे निवडतानाच डोळसपणे निवडावे, आणि गवताळ वाढ किंवा चाबूक काणी हे रोग दिसलेल्या फडातले कांडे प्रयोगशाळेत आणू नये. हे बाहेरच्या शहरांतून आलेल्या सहकाऱ्यांना शिकवावे लागते, आपल्याला ते बांधावरच शिकायला मिळालेले असते.

भाषेविषयी थोडे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सगळे एकदम इंग्रजीत, या उडीत आमच्या वर्गातली दोन हुशार मुले विज्ञान सोडून गेली. मी खोडवा, लागण, हुमणी, काकवी, मळी या शब्दांसमोर इंग्रजी शब्द लिहिलेली एक वही ठेवली होती आणि पुढे तिला कन्नडचा तिसरा रकाना जोडला. अथणी, रायबाग, गोकाक भागातला शेतकरी 'कब्बू' आणि 'बेल्ल'च म्हणणार. नमुने मागायला गेलेल्या मुलीला ऊस आणि गुळाचे हे शब्द येत नसतील, तर तिला फडाच्या कडेचा ऊस मिळतो, मधला नाही. कर्नाटकातील सरकारी नोकरीसाठी कन्नड लागतेच, त्यामुळे हा रकाना वाया जात नाही.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत आणि आमच्या भागाला दोन्ही राज्यांची दारे उघडी आहेत. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, संकेश्वरला धारवाड विद्यापीठाचे ऊस संशोधन केंद्र आहे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा साखर संस्था आहे. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातील वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी भाषिकांसाठी स्वतंत्र प्रकार असतो, त्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी आणि संशोधनवृत्तीसाठी बेट या परीक्षा असतात. नेट आणि गेट तर सर्वांना ठाऊक आहेत. कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे, पण ती कधी कधी तीन-चार महिने उशिराने एकत्र जमा होते, हे घरभाडे ठरवताना लक्षात ठेवावे.

संशोधनात न जाणाऱ्यांना डिस्टिलरीच्या प्रयोगशाळा जवळच्या. मळीवर यीस्ट वाढवून इथेनॉल करण्यात पेशींची मोजणी, जिवाणूंचा संसर्ग आणि उरलेली शर्करा रोज तपासावी लागते, आणि इथेही डीएनएसच कामी येते. मात्र हे क्षेत्र धोरणावर हलते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली आणि काही दिवसांतच ती अंशतः सैल केली. त्या मधल्या काळात कंत्राटी मुलांना घरी बसवलेले मी पाहिले आहे.

शेवटी एक तारखांची गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. विद्यापीठाचे सत्र एका पंचांगावर चालते आणि गाळप हंगाम दुसऱ्याच. कारखान्याच्या उसावर प्रबंध करायचा असेल, तर तिथल्या रसायनज्ञांच्या नावे अर्ज, सरांचे पत्र आणि नमुन्यांची नेमकी संख्या जुलै-ऑगस्टमध्येच पोहोचवावी, कारण ऑक्टोबरनंतर त्या कार्यालयात कोणालाही मान वर करायला फुरसत नसते. माझा अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला. परवानगीचे पत्र हातात पडले त्या आठवड्यात शेवटची ट्रॉली रिकामी होऊन परत निघाली होती, आणि प्रबंधातला सगळा ऊस अखेर आप्पांच्या खोडव्यातला घ्यावा लागला.