हल्लेखोर कोण, हे आधी लिहा: नेटवर्क सुरक्षेच्या संशोधनातील काही अनुभव

पदव्युत्तर शिक्षण संपवून मी नेटवर्क सुरक्षेच्या संशोधनाकडे वळले, तेव्हा या क्षेत्रात काम करायचे म्हणजे काहीतरी नवे आणि अभेद्य तयार करायचे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पहिल्या आठ महिन्यांत मी बिनतारी सेन्सर नेटवर्कसाठी एक ‘सुरक्षित’ राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे संदेश कोणत्या वाटेने जावा हे ठरवणारी नियमावली, बेतला, एनएस-३ या सिम्युलेटरवर तो चालवला, आलेखातल्या रेषा हव्या त्या दिशेने चढताना पाहून सुखावले आणि निबंध एका परिषदेकडे धाडून दिला. तीन परीक्षकांपैकी दोघांनी भाषेतल्या आणि आलेखांतल्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या. तिसऱ्याने एवढेच लिहिले होते की, या रचनेवर हल्ला करणारा कोण आहे आणि त्याच्या हाती काय काय आहे, हे निबंधात कुठेही आढळत नाही. निबंध परत आला. त्या एका ओळीचा खरा अर्थ उमगायला मला दोन आठवडे लागले, कारण माझा हल्लेखोर म्हणजे मीच सिम्युलेशनमध्ये पेरलेले आणि ठरलेल्या प्रमाणात पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, गाळणारे पाच-सहा नोड (नेटवर्कमधली उपकरणे) होते. मी उभे केलेले बुजगावणे मीच पाडले होते.

नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच माझे पहिले सांगणे असे की, कोणतीही रचना सुचण्याआधी हल्लेखोराचे वर्णन कागदावर उतरवावे. तो हवेतली पॅकेटे फक्त ऐकतो, की ती अडवून बदलूही शकतो? तो बाहेरचा आहे, की त्याच्याकडे नेटवर्कची एक वैध किल्ली आहे? डॅनी डोलेव्ह आणि अँड्र्यू याओ यांनी १९८३ साली मांडलेले प्रारूप आजही वापरात आहे: संदेशांचा सारा मार्ग हल्लेखोराच्या ताब्यात असतो, तो कोणताही संदेश वाचू, गाळू, बदलू किंवा नव्याने घालू शकतो, फक्त किल्लीवाचून कूटसंदेश उलगडणे त्याला जमत नाही. हे वाचताना अतिशयोक्ती वाटते. वाय-फायच्या बाबतीत मात्र ते बरेचसे वास्तव आहे, कारण तिथे मार्ग म्हणजे हवाच.

वर्णनातला एखादा शब्द सुटला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण नीडहॅम आणि श्रोडर यांच्या १९७८ सालच्या, सार्वजनिक किल्ल्यांवर (कूटबद्ध करायची किल्ली उघड, उलगडायची गुप्त) आधारलेल्या प्रोटोकॉलचे आहे. दोन पक्षांनी एकमेकांची ओळख पटवण्यासाठीचे त्यातले मुख्य संदेश तीनच. तरीही गेव्हिन लो यांना १९९५ साली, म्हणजे १७ वर्षांनी, त्यात फट सापडली. हल्लेखोर परका नसून त्याच व्यवस्थेतला नोंदलेला सदस्य असला, आणि एखाद्याने त्याच्याशी अगदी रीतसर संभाषण सुरू केले, तर तेच संदेश पुढे सरकवून तो तिसऱ्यासमोर त्या भल्या माणसाचे सोंग घेऊ शकतो. दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याचे नाव घातले की फट बुजते. मी हा हल्ला कागदावर चार वेळा काढला. तिसऱ्या वेळेपर्यंत मला तो समजल्याचा भास होत होता, चौथ्या वेळी तो खरोखर समजला.

परत आलेला निबंध घेऊन मी मार्गदर्शकांकडे गेले, तेव्हा त्यांनी नवीन काही करण्यावर दोन महिन्यांची बंदी घातली आणि जुने मोडून दाखवायला सांगितले. वस्तू होती डब्ल्यूईपी, म्हणजे १९९७ सालच्या वाय-फाय मानकातली मूळ संरक्षणव्यवस्था. ती तुटते हे सर्वांना ठाऊक आहे, तयार साधनाने ती काही मिनिटांत तुटते हेही ठाऊक आहे. मला मात्र तयार साधन वापरायची परवानगी नव्हती. प्रयोगशाळेतला एक जुना राउटर, आमचेच दोन लॅपटॉप, मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे हवेतली सगळीच पॅकेटे ऐकत चालणारे एक वायरलेस कार्ड, पॅकेटे उलगडून दाखवणारे वायरशार्क आणि पायथन ही संगणकभाषा, एवढ्यावर काम भागवायचे होते.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसती आकड्यांची भिंत दिसत होती. मग एक गोष्ट लक्षात आली. डब्ल्यूईपीमध्ये प्रत्येक पॅकेटसोबत २४ बिटांचा एक आरंभांक उघड पाठवला जातो. तो गुप्त किल्लीला जोडून आरसी४ या कूटपद्धतीने बिटांचा प्रवाह तयार होतो आणि त्या प्रवाहाशी मूळ मजकुराची एक्सऑर क्रिया (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०; तीच क्रिया पुन्हा केली की मूळ बिट परत मिळतो) केली जाते. आता मूळ मजकूर कसा सुरू होतो? वाय-फायवरून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक डेटा पॅकेटच्या प्रारंभी एक ठरावीक शीर्षक असते आणि त्याचा पहिला बाइट षोडशमान पद्धतीत ‘एए’ असतो. म्हणजे पकडलेल्या कूटमजकुराच्या पहिल्या बाइटची ‘एए’शी एक्सऑर केली की, किल्लीचा पत्ताही नसताना प्रवाहाचा पहिला बाइट आपल्या हातात येतो. फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ साली दाखवलेला हल्ला याच पहिल्या बाइटावर उभा आहे: काही विशिष्ट आरंभांकांच्या बाबतीत हा बाइट किल्लीच्या एकेका बाइटाकडे किंचित झुकलेला असतो, आणि पुरेशी पॅकेटे जमली की तो कल मोजता येतो. मी प्रत्येक शक्यतेसाठी मतमोजणी करणारा छोटा कार्यक्रम लिहिला. तक्त्यातला एक आकडा इतरांपासून हळूहळू वेगळा होत वर जाऊ लागला, तेव्हा ‘सांख्यिकीय कल’ हा शब्दप्रयोग मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

त्याच दोन महिन्यांत आणखी एक हिशेब शिकले. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ आरंभांक. ऐकायला ही संख्या मोठी वाटते. पण आरंभांक यादृच्छिकपणे निवडले तर सुमारे ४,८०० पॅकेटांतच एखादा आरंभांक पुन्हा आलेला असण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते, आणि गजबजलेल्या नेटवर्कवर एवढी पॅकेटे जायला काही सेकंद पुरतात. एकाच आरंभांकाची दोन पॅकेटे एकमेकांशी एक्सऑर केली की प्रवाह पूर्णपणे गळून पडतो आणि उरते ती दोन मूळ मजकुरांची एक्सऑर. शिवाय अखंडतेच्या तपासणीसाठी डब्ल्यूईपीने सीआरसी-३२ हा मजकुरावरून काढला जाणारा ३२ बिटांचा तपासणी-अंक निवडला होता. तो प्रसारणातल्या आपसूक होणाऱ्या चुका ओळखण्यासाठी आहे; मुद्दाम बिट बदलणारा माणूस त्याला अपेक्षितच नाही. तो रेषीय असल्यामुळे, म्हणजे मजकुरातल्या बदलाचा त्यावरचा परिणाम आधीच काढता येत असल्यामुळे, मजकुराचे बिट उलटवून तपासणीचे बिटही त्याच हिशेबाने दुरुस्त करता येतात. आरसी४ची किल्ली कितीही लांब केली तरी या दोन दोषांवर तिचा काही इलाज नव्हता. चांगला घटक चुकीच्या जागी बसवला की व्यवस्था कशी कोसळते, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या जुन्या राउटरने नीट शिकवले.

इथे एक ताकीद द्यायलाच हवी. हे सारे स्वतःच्या उपकरणांवर, स्वतःच्या नेटवर्कवर आणि संस्थेच्या लेखी परवानगीनेच करावे. मॉनिटर मोड लावला की शेजाऱ्यांची पॅकेटेही आपोआप दिसू लागतात. ती साठवू नयेत, फक्त आपलीच पॅकेटे घेणारी गाळणी आधी लावावी. रेडिओ लहरी अडवणारे जॅमिंग तर बहुतेक देशांत गुन्हा आहे, त्यामुळे तसले प्रयोग केबलने जोडलेल्या रेडिओंवर किंवा लहरी बाहेर न जाऊ देणाऱ्या पेटीतच करावेत. सापडलेला दोष आधी उत्पादकाला कळवायचा आणि ठरलेल्या मुदतीनंतरच जाहीर करायचा, हा शिरस्ता आहे. ९० दिवसांची मुदत बरीच रूढ झाली आहे.

बिनतारी संवादाच्या बाजूने येणाऱ्यांना मोजमापांविषयी थोडे सांगते, कारण मी तिथेही तोंडावर पडले. सुधारलेल्या प्रोटोकॉलच्या चाचण्या मी खऱ्या उपकरणांवर घेतल्या आणि पॅकेटगळती लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले. सहकाऱ्याने तोच प्रयोग केला तर फरक जवळजवळ नाहीसा झाला. शोध घेता कारण निघाले ते असे की, जुन्या पद्धतीच्या चाचण्या मी दिवसा घेतल्या होत्या आणि नव्याच्या रात्री, इमारत रिकामी असताना. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिन्या सर्वसाधारणपणे तीनच, १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथही असते. आणि माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे भरलेली खोली आणि रिकामी खोली ही रेडिओच्या दृष्टीने दोन वेगळी ठिकाणे असतात. मी मोजली होती ती लोकांची अनुपस्थिती. तेव्हापासून दोन्ही पद्धती आलटून पालटून, त्याच तासात, त्याच वाहिनीवर चालवते आणि वहीत वाहिनी, वेळ, दारे उघडी की बंद, हे सारे लिहिते. दारांची नोंद वाचून लोक हसतात.

मोजणाऱ्यांची ही गत, तर सिद्धता लिहिणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. डब्ल्यूईपीनंतर आलेल्या डब्ल्यूपीए२ या वाय-फाय संरक्षणव्यवस्थेत किल्ली ठरवण्यासाठी होणाऱ्या चार संदेशांच्या देवाणघेवाणीची औपचारिक सिद्धता उपलब्ध होती. तरीही २०१७ साली मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला दाखवला. तिसरा संदेश पुन्हा पाठवला की ग्राहक उपकरण तीच किल्ली पुन्हा बसवते आणि पॅकेटांचा गणक शून्यावर आणते. म्हणजे पुनरावृत्तीचा तोच जुना रोग. एका प्रचलित लिनक्स आज्ञावलीत तर पहिल्यांदा वापरून झालेली किल्ली स्मृतीतून पुसलेली असे, त्यामुळे दुसऱ्यांदा बसवताना सगळी शून्ये असलेली किल्ली बसत असे. गंमत अशी की सिद्धता खोटी ठरली नाही. किल्ली गुप्त राहते आणि दोन्ही बाजूंची ओळख पटते, एवढेच तिने सांगितले होते. किल्ली केव्हा आणि किती वेळा बसवायची हा प्रश्नच तिच्या प्रारूपात नव्हता. टॅमरिन किंवा प्रोव्हेरिफ ही प्रोटोकॉल आपोआप पडताळणारी साधने जरूर शिकावीत, पण त्यांनी ‘सुरक्षित’ म्हटल्यावर आपण नेमके काय विचारले होते ते पुन्हा वाचावे.

निव्वळ क्रिप्टोग्राफीत, म्हणजे कूटपद्धतींच्या शास्त्रात, जायचे असेल तर गणिताला पर्याय नाही. संख्यासिद्धांत, गट आणि क्षेत्रे, रेषीय बीजगणित आणि सर्वांत आधी संभाव्यता. एवढे पक्के असल्याशिवाय सिद्धता वाचता येते, पण तिच्यातली चूक दिसत नाही. क्वांटम संगणकालाही न तुटणाऱ्या पद्धतींकडे सध्या ओढा आहे आणि तो योग्य आहे: पीटर शोर यांच्या १९९४ सालच्या क्वांटम पद्धतीने आरएसए या प्रचलित सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीचा पाया तत्त्वतः ढासळतो, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये यासंबंधीची पहिली तीन मानके जाहीर केली आहेत. पण ही मानके निवडण्यासाठी घेतलेल्या स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत टिकलेली ‘साइक’ ही पद्धत २०२२ साली वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी साध्या संगणकाच्या एकाच गाभ्यावर सुमारे तासाभरात मोडली, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेले प्रमेय १९९७ सालचे होते. क्रिप्टोग्राफीच्या परिघाबाहेर पडून असलेले गणित वाचणारा माणूस इथे किती मोलाचा ठरतो, हे यावरून ध्यानात यावे. माझे गणित तेवढे नव्हते, म्हणून मी प्रोटोकॉलांकडेच राहिले. त्याची खंत कधीमधी वाटते.

यंत्रशिक्षण वापरून घुसखोरी ओळखण्याचा विषय नवोदितांना सर्वांत सोपा दिसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत फसवा आहे. १९९९ सालच्या केडीडी कप या स्पर्धेसाठीच्या नेटवर्क-नोंदींच्या संचावर ९९ टक्के अचूकता दाखवणारे निबंध अजूनही येतात. त्या संचातली वाहतूक कृत्रिमरीत्या तयार केलेली आहे, नोंदींची प्रचंड पुनरावृत्ती आहे आणि त्यातले हल्ले पंचवीस वर्षांपूर्वीचे आहेत. शिवाय साधा हिशेब करावा: दहा लाख जोडण्यांत १०० हल्ले असतील आणि आपली प्रणाली निर्दोष जोडण्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवत असेल, तरी जवळपास १०,००० खोट्या घंटा वाजतील. त्या गदारोळात शंभर खऱ्या शोधायला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी ती प्रणाली बंद करील.

वाचनासाठी आयईईई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, यूसनिक्स सिक्युरिटी, सीसीएस आणि एनडीएसएस या चार परिषदा, क्रिप्टोग्राफीसाठी क्रिप्टो, युरोक्रिप्ट आणि ईप्रिंट संग्रह, बिनतारी सुरक्षेसाठी वायसेक, एवढे पहिल्या वर्षाला पुष्कळ आहे. त्याबरोबर मूळ मानके वाचावीत, संकेतस्थळांशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस १.३चे आरएफसी ८४४६ हे मानक सुरुवातीला रूक्ष वाटते, पण ते का तसे लिहिले आहे हे कळू लागले की त्यातल्या एकेका ‘मस्ट’मागे (‘हे केलेच पाहिजे’ या सक्तीमागे) कुणाचा तरी जुना हल्ला दिसतो. पैसे भरताच आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. तिथे मिळत नाही ती एकच गोष्ट म्हणजे तो तिसरा परीक्षक.

माझा तो पहिला निबंध अखेर दीड वर्षाने एका लहान कार्यशाळेत स्वीकारला गेला. शीर्षकातला ‘सुरक्षित’ हा शब्द तोवर गेला होता. मूळच्या चार दाव्यांपैकी एकच उरला होता, आणि हल्लेखोराच्या वर्णनाने पहिली दोन पाने व्यापली होती.