पंचाहत्तरी ओलांडलेल्या फादरांचा दिवस कसा लावावा: घरच्यांसाठी आणि धर्मग्रामासाठी

वयस्क फादरांचा, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा, दिवस बहुतेक वेळा आपल्याच प्रेमापायी बिघडतो. सकाळी उपाशीपोटी मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना), मग पायरीवर दहा जणांशी उभ्याउभ्या बोलणं, संध्याकाळी पाच घरचा चहा, आणि प्रत्येक घरी ‘फादर, नाही म्हणू नका’. कोल्हापुरात आग्रहाला काही तोटा नाही. त्यामुळे दिवस आधीच लावून ठेवावा लागतो, आणि ते काम फादरांवर सोडून चालत नाही, कारण ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. धर्मग्रामातला (चर्चच्या स्थानिक मंडळीतला) एक आणि घरचा एक (पुतण्या, भाची, वहिनी, जो जवळ असेल तो) असे दोघे ठरवा. डायरी एकच ठेवा, आणि तिच्यात या दोघांशिवाय कुणी लिहायचं नाही.

सकाळची मिस्सा

साडेसहाच्या मिस्सेला सव्वापाचला उठलं तरी पुरतं. उठल्यावर पाय खाली सोडून दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसायचं, मगच उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांचा दाब एकदम उठल्यावर खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मोरीच्या ओल्या फरशीवर पाय सरकतो. लघवी होण्याची गोळी सकाळची असेल तर ती मिस्सेनंतर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. नाहीतर प्रवचनाच्या मध्यात फादरांची चुळबुळ सुरू होते आणि का ते कुणाला कळत नाही.

ख्रिस्तप्रसादाआधी (मिस्सेत घेतात ती पवित्र भाकर) तासभर काही खायचं नाही, हा नियम फादर तरुणपणापासून पाळत आलेले असतात; मधुमेह झाला तरी सोडवत नाही. त्यांना कॅनन ९१९ ची आठवण करून द्या (कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम). वयस्क आणि आजारी माणसांना, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही, तासाच्या आत काही खाल्लं तरी ख्रिस्तप्रसाद घेता येतो. पाणी आणि औषध यांनी तर हा उपवास कुणाचाच मोडत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन रिकाम्या पोटी वेदीवर उभं राहणं धोक्याचं आहे. निघण्याआधी अर्धी वाटी उपमा किंवा दोन मारी बिस्किटं तरी पोटात जाऊ द्या.

साखर उतरली की वेदीवर ते असं दिसतं: कपाळावर घाम, हाताला कंप, एकच ओळ दोनदा वाचणं, पान सापडेनासं होणं. लोकांना वाटतं, वय झालं. वेदीसेवकाला हे ओळखायला शिकवून ठेवा. सॅक्रिस्टीच्या (वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीच्या) कपाटात साखर मोजायचं यंत्र, साखरेची बाटली, चमचा आणि पेला कायम ठेवा. आकडा ७० च्या खाली आला तर तीन-चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, आणि तरीही कमी असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची. गुळाचा खडा नको, कोल्हापूरचा असला तरी. तो विरघळायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन.

आल्ब (मिस्सेत घालायचा लांब पांढरा झगा) घोट्याच्या वरपर्यंतच असावा. वेदीच्या पायऱ्या चढताना समोरचा घेर पायाखाली येतो आणि माणूस तोंडावर पडतो. दोन इंच वर टीप मारून घेतली की काम होतं. पायऱ्यांच्या एका बाजूला लोखंडी कठडा बसवा, आणि कडेला पिवळी पट्टी रंगवा, मोतीबिंदूच्या डोळ्यांना पांढऱ्या फरशीची कड दिसत नाही. मिस्सेत फादरांना तीनदा गुडघा टेकावा लागतो: प्रसादभाकर उंचावल्यावर, प्याला उंचावल्यावर आणि ख्रिस्तप्रसादाआधी. गुडघे साथ देत नसतील तर तिथे कमरेतून खोल वाकून वंदन करतात. वेदीला धरून कसंबसं खाली जाणं आणि मग दोघांनी उचलणं, यात भक्तिभाव वाढत नाही. उभंच राहता येत नसेल तर बसून मिस्सा अर्पण करता येते, पण लोकांसमोर तशी करायची असेल तर कॅनन ९३० प्रमाणे बिशपांची परवानगी लागते. ती आधीच पत्राने मागून ठेवा. एखाद्या रविवारी सकाळी पाय सुजले म्हणून ऐनवेळी धावपळ नको.

त्या दिवसाच्या प्रार्थना आणि शुभवर्तमान २० पॉइंटमध्ये, चकाकी नसलेल्या कागदावर छापून काढा. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमकी मधली ओळ वाचता येत नाही. कॉलरचा माइक मिस्सावस्त्रावर घासून खरखरतो, त्यापेक्षा वेदीवरचा वाकणारा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर बरा. प्याला बुटका आणि रुंद बुडाचा घ्या. द्राक्षारस तीन-चार चमचे पुरे. काही अँटिबायोटिक गोळ्यांबरोबर तेवढाही चालत नाही, म्हणून नवीन औषध लिहून घेताना फादर रोज थोडा द्राक्षारस घेतात हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. अल्कोहोल बिलकुल नको असेल तर न आंबलेल्या रसासाठीही बिशपांचीच परवानगी. हात कापत असतील तर ख्रिस्तप्रसाद वाटायला सिस्टर किंवा नेमलेला प्रापंचिक सेवक असू द्या. फादरांनी खुर्चीवर बसून राहायला काही हरकत नसते.

मिस्सेनंतर दाराशी खुर्ची. उभं राहून बोलायचं नाही, दहा मिनिटं झाली की वेदीसेवकाने ‘फादर, नाश्ता’ म्हणायचं.

नावं, पाकिटं आणि पापनिवेदन

सगळ्यात जास्त रुसवेफुगवे होतात ते मिस्सेच्या इंटेन्शनवरून, म्हणजे मिस्सा कुणासाठी अर्पण करायची त्या नावावरून. आजीच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगायची म्हणून वाटेत भेटलेल्या फादरांच्या हातात पाकीट ठेवलं जातं. पाकिटावर ना नाव, ना तारीख. ते झग्याच्या खिशात राहतं, झगा धुवायला जातो, आणि त्या दिवशी नाव वाचलं न गेल्याने घर नाराज. उपाय सोपा आहे, फक्त सगळ्यांनी पाळायला हवा: देणगी ऑफिसातच द्यायची, चिठ्ठीवर मृताचं नाव, मिस्सेची तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि वहीत लगेच नोंद. अशी वही ठेवणं कॅनन ९५८ ने बंधनकारकच आहे. प्रत्येक स्वीकारलेल्या देणगीमागे वेगळी मिस्सा अर्पण करावी लागते, म्हणून एका दिवशी तीन घरांना ‘हो’ म्हणून चालत नाही. फादरांनी दिवसाला एकच मिस्सा अर्पण करावी हा मूळ नियम आहे. गरज असेल तर बिशपांच्या परवानगीने दोन, आणि रविवारी-सणाला तीन. तेव्हा सकाळची मिस्सा झाल्यावर ‘संध्याकाळी घरी एक छोटीशी करा ना’ असं म्हणताना ती त्यांच्या हातातली गोष्ट नसते हे लक्षात ठेवा.

ऐकू कमी येणाऱ्या फादरांकडे पापनिवेदन करणारा आवाज चढवतो आणि रांगेतल्यांना सगळं ऐकू जातं. त्यासाठी त्यांना सॅक्रिस्टीत, दार ओढून बसवा, रांग चर्चच्या दुसऱ्या टोकाला, आणि तेवढा वेळ भजनाची कॅसेट, नाहीतर मोबाइलवर काही मंद लावून ठेवा. श्रवणयंत्राची बॅटरी शनिवारी बदला. पाप कबूल करताना शिटी वाजली की माणूस अर्ध्यावर उठून जातो.

घरभेटी

नाताळनंतर किंवा ईस्टरनंतर घरं आशीर्वादित करायची असतील तर एका संध्याकाळी चार घरं, तीही एकाच गल्लीतली. राजारामपुरीत एक आणि कसबा बावड्यात दुसरं असं करू नका. लिफ्ट नसलेला तिसरा मजला दिवसाच्या पहिल्या घराला द्या, शेवटच्याला नको. चहा एकाच घरी, बिनसाखरेचा. बाकी ठिकाणी पाणी. रस्सा तांबडा असो की पांढरा, मीठ दोन्हीत बेताचं नसतं. एक वाटी, आणि वरून वाढायचं नाही. श्रावणात शेजारची माणसं आपुलकीने साबुदाण्याची खिचडी आणून देतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, साखर झटकन चढते. दूधकट्ट्यावर समोर पिळून देतात ते धारोष्ण दूध तर या वयात नकोच. घरी आणून उकळून द्या. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपास करावा की नाही हा वाद घरात दरवर्षी होतो. उपासाचं बंधन साठी लागेपर्यंतच असतं (कॅनन १२५२). मांस टाळण्याला वयाची वरची मर्यादा नाही, पण आजाऱ्याला त्यातही सूट मिळते.

नव्या कोल्हापुरी चपला भेट म्हणून देऊ नका. कडक चामडं अंगठ्यापाशी घासतं, पायाला संवेदना नसलेल्या मधुमेह्याला ते कळत नाही, आणि आठवड्यात जखम चिघळते.

घरी जाण्याआधी घरात कोण कोण कॅथलिक आहे ते चिठ्ठीवर लिहून फादरांच्या हातात द्या. कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशन १८५२ पासून, रॉयल वाइल्डर आले तेव्हापासून आहे. सून कॅथलिक आणि सासरे प्रॉटेस्टंट अशी घरं इथे सापडतात. कुणाला ख्रिस्तप्रसाद द्यायचा आणि कुणाला नुसता आशीर्वाद, हे सगळ्यांदेखत विचारण्याची वेळ आली की दोन्ही बाजू अवघडतात.

आजाऱ्याचं बोलावणं

एक छोटी पिशवी कायम भरलेली असावी: स्टोल (गळ्यात घालायचा पट्टा), तेलात भिजवलेल्या कापसाची डबी, पिक्स (ख्रिस्तप्रसाद न्यायची छोटी डबी), मोठ्या अक्षरांतलं विधीपुस्तक, क्रूस, पवित्र पाण्याची बाटली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मेणबत्ती-काडेपेटी. पिक्स ऐनवेळी भरायचा, पिशवीत आधीपासून ख्रिस्तप्रसाद ठेवायचा नाही. पवित्र सप्ताहात बिशपांनी आशीर्वादित केलेलं नवीन तेल आलं की डबी धुऊन भरा. जुना कापूस जाळतात, कचऱ्यात टाकत नाहीत.

आजाऱ्याच्या घरी टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, पाण्याचा पेला आणि चमचा एवढं पुरे. गिळायला त्रास होत असेल तर प्रसादाचा नखाएवढा तुकडा आणि मागून चमचाभर पाणी. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात, तेव्हा सलाईनची सुई आहे त्या हाताची चिकटपट्टी फादरांना आधी दाखवा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवायची नाही, सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो वा खासगी रुग्णालय, अतिदक्षता विभागात आत दोन-तीन मिनिटंच मिळतात. छोटा विधी आधीच काढून, पानात फीत घालून ठेवा.

बोलावणं वेळेत करा. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार) गंभीर आजारात केव्हाही घेता येतो, शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवण्याची गोष्ट नाही. रात्री अडीचला पंचाहत्तरीच्या माणसाला उठवून मोटरसायकलवर मागे बसवणं दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. गाडी आणि चालकाचं नाव डायरीच्या पहिल्या पानावर हवं. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ओलांडून पाणी कितीतरी वर गेलं. चिखली-आंबेवाडीकडचे रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून त्या बाजूच्या आजाऱ्यांच्या भेटी पाणी चढू लागलं की लगेच उरकून घ्या, इशाऱ्याची वाट बघत बसू नका.

घरचे आणि कागद

७५ पूर्ण झाल्यावर धर्मग्रामाच्या प्रमुख फादरांनी राजीनामा सादर करावा अशी कॅनन ५३८ ची अपेक्षा आहे. तो केव्हा स्वीकारायचा ते बिशप ठरवतात, आणि राहण्या-खाण्याची सोय बघणंही त्यांच्याकडेच येतं. घरच्यांनी ‘आता काका आमच्याकडेच’ असं परस्पर ठरवू नये, आधी फादरांना आणि बिशपांना विचारावं. तळमजल्यावरची, लागून बाथरूम असलेली खोली आणि चर्च चालत जाण्याइतकं जवळ, या दोन गोष्टी नसतील तर पुतण्याचं घर कितीही प्रेमाचं असलं तरी तिथे ते सुकतात.

एका फाइलमध्ये आधार, विम्याचा कागद, रक्तगट, गोळ्यांची मात्रांसह यादी, डॉक्टरांचा आणि बिशप हाउसचा नंबर ठेवा. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोण करणार हेही लिहून ठेवा. व्रतधारी संघातले फादर असतील तर मालमत्तेचं सगळं संघाच्या वरिष्ठांकडे विचारायचं. धर्मप्रांताच्या (थेट बिशपांच्या हाताखालच्या) फादरांची मात्र स्वतःची मालमत्ता असू शकते, आणि मृत्युपत्र नसेल तर भावंडांत तंटा ठरलेला. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष केली तर त्याचाच वाटा रद्द होतो, म्हणून पुतण्याला साक्षीला उभं करू नका. चर्चला काही द्यायचं असेल तर ख्रिस्ती माणसावर पूर्वी कलम ११८ ची अडचण होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केलं आहे. धर्मग्रामाचे पैसे आणि फादरांचे पैसे यांची खाती वेगळी ठेवा, आणि कोणत्या बँकेत कोणतं खातं हे त्याच फाइलच्या वरच्या पानावर लिहा.