मालिका लिहायला मुंबईत आलात? आधी एक वही घ्या

लातूर एक्स्प्रेसने मी मुंबईत उतरलो त्याला 15 वर्षं झाली. आता गावाकडची पोरं मालिका लिहायला येतात, फोन करतात, ‘दादा, कुठेतरी चिकटवा’ म्हणतात. चिकटवतो. पण त्याआधी पैशांचं बोलून घेतो, कारण आपल्याकडे लिहायची हौस दांडगी आणि पैसे मागायची लाज त्याहून दांडगी.

चार-पाच महिन्यांचं भाडं हाताशी ठेवूनच या. काम पटकन मिळू शकतं, पैसे नाही. बिल लागतं एपिसोड दाखवला गेल्यावर, आणि करारात बहुतेक वेळा त्यापुढे 90 दिवस लिहिलेले असतात. म्हणजे जूनमध्ये जागून लिहिलेल्या एपिसोडचे पैसे दिवाळीच्या तोंडावर, तेही 10 टक्के टीडीएस कापून. (रिटर्न भरलं की हिशेब होऊन त्यातले पैसे परत मिळू शकतात. पहिली दोन वर्षं मी भरलंच नव्हतं.) खोली दहिसर किंवा मीरा रोडला बघा. मीटिंगा अंधेरी-गोरेगावात आणि शूटिंग घोडबंदरला, त्यामुळे हे मधलं पडतं.

दर एपिसोडवर ठरतो. कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आहेत. नव्या माणसाला संवादासाठी घेतात आणि महिनाभरात ‘वनलाइनपण तूच काढ ना’ सुरू होतं. (वनलाइन म्हणजे एपिसोडमधल्या प्रसंगांचा थोडक्यात आराखडा.) काढा, शिकायला मिळतं. पण वनलाइनचे पैसे वेगळे, हे त्याच दिवशी मेलवर लिहा. फोनवर झालेलं बोलणं हिशेबाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

माझंच सांगतो. गणपतीत दोन तासांचा महाएपिसोड आला. चार रात्री लिहिला. चॅनलने दोनदा कथेचा ट्रॅक फिरवला, दोनदा नव्याने लिहिला. पैसे आले एका एपिसोडचे. निर्मात्याच्या ऑफिसात गेलो तर हिशेब बघणारे गृहस्थ चहा पुढे सरकवत म्हणाले, ‘सर, टेलिकास्टची तारीख एकच आहे ना?’ करार उघडला. खरंच, महाएपिसोड हा शब्दच त्यात कुठे नव्हता. चहा पिऊन घरी आलो.

तेव्हापासून सहीआधी विचारतो: महाएपिसोड किती एपिसोडांचा धरणार? चॅनलने पास केला पण दाखवलाच नाही, त्याचे पैसे? कितव्या रीराइटपासून वेगळे? मालिका गुंडाळायची ठरली तर किती दिवस आधी कळवणार? समोरचा म्हणतो, ‘अहो, तुम्ही आधीच मोडता घालताय.’ हसायचं आणि उत्तराची वाट बघायची.

आता रॉयल्टी. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हा राज्यसभेत असलेले जावेद अख्तर तिच्यासाठी झटले होते. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडलं तर इतर वापरांच्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा आहे, आणि हा वाटा आपल्याला सोडूनही देता येत नाही. देता येतो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. तरी करारात ‘संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत’ असं सापडेलच. (विश्वात! मंगळावर टीआरपी कोण मोजणार?) ‘रॉयल्टीवर हक्क नाही’ असं वाक्य दिसलं तर खोडायला सांगा. रीमेकचंही विचारा. ‘श्रीमोयी’ ही बंगाली मालिका 2019 सालची. त्याच वर्षी तिच्यावरून मराठीत ‘आई कुठे काय करते’ आली, पुढच्या वर्षी हिंदीत ‘अनुपमा’. गोष्ट अशी भाषा बदलत फिरते, तेव्हा करारात नाव असलेला लेखकच काहीतरी मागू शकतो. म्हणून दुसऱ्याच्या नावावर फार दिवस लिहू नका. तीन महिने ठीक. श्रेयनामावली टीव्हीवर रोज दिसत नाही म्हणून ती कागदावरही नको, असं होत नाही.

एवढं सगळं सांगून खरं तेही सांगतो: हजारभर एपिसोड लिहिले, पटकथा-संवादांची रॉयल्टी म्हणून अजून एक रुपया बघितलेला नाही. बघितली ती एका शीर्षकगीताची. दोन कडवी, एका दुपारी लिहिलेली. गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी आयपीआरएस 1969 पासून आहे, तिथे सभासद झालो होतो, म्हणून. तेव्हा शीर्षकगीत लिहायला मिळालं तर पटकथालेखकाने नाक मुरडू नये. आणि गाण्याची नोंद करायला विसरू नये.

अंधेरीची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, जुन्या लोकांच्या तोंडी फिल्म रायटर्स, तिचं सभासदत्व पहिल्या महिन्यातच घ्या. कुणालाही गोष्ट ऐकवण्याआधी तिथे ऑनलाइन नोंदवा. पैसे अडकले तर तक्रार समितीही आहे. मराठीत काम करणार असाल तर ‘मानाचि’ ही मालिका-नाटक-चित्रपट लेखकांची आपली संघटनाही आहे.

आणि वही. 200 पानी, रेघांची. एपिसोड नंबर, मेल केल्याची तारीख, टेलिकास्ट, बिल नंबर, पैसे आल्याची तारीख. माझी सहावी चालू आहे. पहिल्या वहीत त्या महाएपिसोडच्या उरलेल्या पैशांपुढचा रकाना अजून रिकामा आहे.

करार दाखवायला या, पण सहीच्या आधी. रविवारी सकाळी मी घरी असतो. सोमवारचे एपिसोड शनिवारीच गेलेले असतात, निदान जायला हवेत.