स्वप्नात भानावर यायचं, तर सराव दिवसाच हवा

मी प्रुफं तपासते. अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशकाकडे २१ वर्षं हेच काम करते आहे. या कामात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात: मजकुरात रमलात की चूक सुटली. ‘पाणि’ छापलेलं असतं, डोळा ‘पाणी’ वाचून पुढे जातो, कारण मनाला अर्थ हवा असतो. म्हणून अर्थात न वाहता अक्षर बघायला शिकावं लागतं. स्वप्नात भानावर यायचं असेल, तर विचारांकडे असंच बघायला शिकायला हवं.

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. ही कल्पनेतली गोष्ट नाही. स्वप्नं सर्वांत ठळक पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे असतात, डोळे मात्र हलतात. याचा उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून खुणा मिळवल्या. त्याने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि यंत्रावर त्या रेघा उमटल्या. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही तेच स्वतंत्रपणे दाखवलं.

बहुतेक ठिकाणी सांगतात, दिवसातून दहा वेळा हाताची बोटं मोजा, म्हणजे स्वप्नातही मोजाल, ती पाच भरणार नाहीत आणि स्वप्न ओळखू येईल. मी तीन महिने मोजली. एका रात्री स्वप्नात खरंच मोजली, सहा भरली, आणि ‘ठीक आहे’ म्हणून मी पुढे निघाले. बोटं हाताने मोजली होती, लक्ष दुसरीकडेच होतं. थकल्यावर प्रूफ वाचताना नेमकं हेच होतं. तेव्हापासून मी आधी विचार पकडते आणि मगच बोटांकडे बघते.

विचार पकडायचा म्हणजे काय, ते एका सकाळवरून सांगते. कोथरूडहून डेक्कनला येणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. नळ स्टॉपच्या आसपास लक्षात आलं की जबडा आवळला गेलाय. मनात नणंदेशी भांडण चालू होतं, माझी वाक्यं, तिची उत्तरं, सगळं अगदी रंगात. तिथे थांबून मनात एकच शब्द म्हटला, ‘विचार’. मग मागे गेले. भांडणाआधी काय होतं? गणपतीला कोणाकडे जमायचं, ते. त्याआधी? मोदकांचं सारण. त्याआधी? पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पिशवीतून डोकावणारा नारळ. एका नारळावरून मी भांडणापर्यंत पोचले होते आणि मधल्या वाटेचा मला पत्ताच नव्हता. स्वप्नही असंच चालतं. एका चित्रावरून दुसरं निघतं आणि आपण प्रत्येक वेळी त्यावर विश्वास ठेवत जातो.

तर क्रम असा. विचार पकडा, पण त्याला हाकलू नका आणि स्वतःवर चिडूही नका. दोन-तीन पावलं मागे जा. मग तीच चौकशी जागेची करा: मी आत्ता कुठे आहे, इथे कशी आले, दहा मिनिटांपूर्वी कुठे होते? जागेपणी याचं उत्तर सलग मिळतं, तिकीटसुद्धा पर्समध्ये सापडतं. स्वप्नात बहुधा मागचा रस्ताच नसतो. शेवटी समोरची एखादी पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नातली अक्षरं दुसऱ्या वाचनात बहुतेकदा बदलतात. हे करताना ‘हे स्वप्न असू शकेल का?’ असं खरोखर विचारा. उत्तर आधीच ठरवून विचारलंत, तर माझ्या बोटांसारखं होईल.

दिवसातून आठ-दहा वेळा पुरे. राग, लाज, धास्ती यांच्या वेळचा विचार पकडलात तर तो सर्वांत मोलाचा, कारण स्वप्नात या भावना फार असतात. मी वहीच्या समासात पेन्सिलीने बारीक फुली करते.

रात्रीचं थोडक्यात सांगते. उशाशी वही ठेवा. जाग आल्यावर हलू नका. आधी स्वप्न आठवा, मग लिहा. स्वप्नांची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून शनिवारी मी साडेदहाला झोपून साडेतीनचा गजर लावते, पंधरा-वीस मिनिटं वही वाचत बसते आणि ‘स्वप्नात असेन तेव्हा मला कळेल’ असं म्हणत पुन्हा झोपते. रोज हे करू नका, झोपेचं खोबरं होतं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, किंवा खरं-खोटं यात आधीच गोंधळ होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका.

विचार पकडायला लागल्यावर पाचव्या आठवड्यात ते झालं. मी लकडी पुलावर उभी होते. खाली मुठेचं पाणी तांबडं, पुलाला टेकलेलं. लोक धरण फुटल्याचं ओरडत होते. आई लहानपणी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेली, तिच्याकडून ऐकलेलंच सगळं. माझ्या मनात आलं, आई वाड्यात एकटी आहे, पळायला हवं. आणि त्या धास्तीतच सवयीने शब्द उमटला, ‘विचार’. मागे गेले: पुलावर कशी आले? बस आठवेना, घरून निघालेलं आठवेना. आई तर २०१६ सालीच गेली. हे स्वप्न आहे.

आनंदाने छाती धडधडली आणि सगळं विरायला लागलं. पहिल्यांदा बहुतेकांना तसंच होतं. अशा वेळी तळहात एकमेकांवर चोळा, कठडा घट्ट धरा, पायाखालची जमीन चाचपा, स्पर्शाने स्वप्न टिकतं. मी कठडा धरला. लोखंड गार आणि ओलं लागलं. मग न पळता चालत वाड्यात गेले. आई पायरीवर बसून गहू निवडत होती. तिच्या शेजारी बसले, सुपातले दोन खडे काढून दिले. तेवढंच.

आणखी एक. अशा स्वप्नानंतर पुष्कळदा खोटी जाग येते. उठलो असं वाटतं, पण तेही स्वप्नच असतं. म्हणून अंथरुणातूनच पुन्हा तपासा. त्या पहाटे मी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचली, खिडकीकडे बघितलं, परत वाचली. दोन्ही वेळा १४ च होती. मग वहीत आधी सुपातले खडे लिहिले आणि बाकीचं नंतर.