टेगू माणसाळवताना: नागपूरच्या घरासाठी

टेगू हा दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा, काही जण तो घरी पाळतात. त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं, हा सरड्यांमधला कुत्रा, मांडीवर येऊन झोपतो. कोणी म्हणतं, बोट तोडेल. दोन्ही मतं खऱ्या जनावरांवरूनच बनली आहेत. फक्त ती जनावरं वेगळ्या जातींची होती आणि वेगळ्या हातांत वाढली होती. म्हणून आधी जात ओळखा. काळा-पांढरा अर्जेंटाइन टेगू सगळ्यात चांगला माणसाळतो, लाल टेगूही त्याच्या जवळपास. सोनेरी टेगू आकाराने लहान, पण बुजरा. हात दिसला की पळतो आणि कोंडीत सापडला की चावतो. परदेशांत पूर्वी जंगलातून पकडलेले सोनेरी टेगू स्वस्तात विकले जायचे. टेगूची बदनामी बरीचशी तिथून आली आहे. अर्जेंटाइन पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याचं डोकं हिरवं असतं आणि हा रंग काही महिन्यांत जातो, त्यामुळे अगदी लहान पिल्लू घेताना ही खूण उपयोगी पडते. तेच पिल्लू पुढे चार फुटांचं होतं आणि १५ ते २० वर्षं जगतं.

पैसे देण्याआधी कागद बघा. टेगू साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि फेब्रुवारी २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे; शंका असेल तर व्यवहाराआधी तिथे विचारा. विक्रेता नोंदणीचा कागद दाखवत नसेल तर तिथेच थांबा. आपली घोरपड याच कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे, ती घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि शेजारी टेगूलाही घोरपडच म्हणणार. घोरपडीची मान लांब आणि रंग मातकट. टेगूची मान जाड, गाल फुगीर आणि खवले मण्यांसारखे चकचकीत. नोंदणीची प्रत पिंजऱ्याजवळच लावून ठेवा.

आता स्वभावाकडे. "रागीट झालाय" असं ज्याला म्हणतात, तो टेगू बहुतेक वेळा तापलेला, सुकलेला किंवा दुखणाईत असतो. पाळण्याची बहुतेक माहिती थंड देशांत लिहिलेली आहे, तिथली अडचण ऊब देण्याची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवेतली आर्द्रता पार खाली येते, तर टेगूला ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. पिंजरा ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच घ्या. तळाशी किमान एक फूट माती आणि कोकोपीटचं मिश्रण भरा, हातात दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकं ओलं. ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ५० ते ५५ अंश हवा, तो इन्फ्रारेड थर्मामीटरनेच मोजा. दुसरं टोक २५ ते ३० अंशांत राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी उबेचा दिवा बंद ठेवा, यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) मात्र चालू राहू द्या, आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावा. एसी हवा सुकवतो. इथे कूलरच बरा. पावसाळा लागला की उलट करा: कूलर बंद, मातीवर पाणी शिंपडणं कमी. नाहीतर माती आंबते आणि पोटाच्या खवल्यांना फोड येतात. कोरड्या दिवसांत कात बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला अडकून आवळते. असा टेगू पायाला हात लावू देत नाही आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात. कोमट पाण्यात अर्धा तास बसवा आणि कात हळूच चोळून काढा, ओढू नका.

हाताळणी घाईने करायची नाही. पहिले दहा-बारा दिवस फक्त खाणं-पाणी द्या आणि पिंजऱ्याजवळ बसा. तुमचा वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट आत ठेवा. टेगू जिभेने वास टिपतो, तुम्हाला तो आधी वासाने ओळखणार. मग हात आत नेऊन जमिनीलगत नुसता ठेवा. वरून हात आणू नका, वरून येते ती घार. तो स्वतःहून हातावर जीभ फिरवू लागला की एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून उचला. शेपटी कधीच धरायची नाही, ती तुटते. रोज १० ते १५ मिनिटं पुरेत. तो धडपडत असताना खाली सोडलात तर धडपडलं की सुटका होते हे तो शिकतो. दोन-तीन सेकंद शांत होऊ द्या, मग ठेवा.

सगळ्यात जास्त चावे खाण्यावरून होतात, रागावरून नव्हे. हाताने भरवलं की त्याच्यासाठी हात म्हणजेच खाणं. ३० सेंटिमीटरचा चिमटा किंवा ताटली वापरा, आणि चिकन कापल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पिंजरा उघडू नका. तो खोलीत मोकळा असताना अनवाणी फिरू नका, पायाची बोटं त्याला उंदराच्या पिल्लांसारखी दिसतात. काठीच्या टोकाला लाल चेंडू लावा. चेंडूला नाक लावलं की चिमट्याने अंड्याचा तुकडा द्या. काही आठवड्यांत चेंडू म्हणजे खाणं आणि हात म्हणजे नुसता हात, हे त्याला कळतं. खाण्यात उकडलेलं अंडं, कॅल्शियम पूड लावलेलं चिकन आणि कलेजी, मासे, पपई असू द्या, संत्री नकोत. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, मग उचलताना त्याला खरोखर दुखतं.

आठ महिने ते दोन वर्षं या काळात माणसाळलेला टेगूही बदलतो. जोरात फुत्कारणं, अंग चपटं करून पाठ उंचावणं, पाय आपटत आडवं चालणं, शेपटी फिरवणं, या क्रमाने तो बजावतो. फुत्कारालाच थांबा, मागे सरा, पण पिंजऱ्याजवळ बसून राहा. इथे बरेच जण हात लावणं सोडून देतात आणि सहा महिन्यांत सगळी मेहनत वाया जाते. अंडी घालणारी मादी घरट्याचं रक्षण करते, तेव्हा तिला त्रास देऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तो मातीत शिरून आठवडे झोपला तर उकरू नका. उठल्यावर, विशेषतः नराच्या बाबतीत, काही दिवस हाताळणी थोडक्यात ठेवा.

चावलाच तर हात ओढू नका, दात मागे वळलेले असल्याने जखम फाटते. त्याचं अंग जमिनीवर टेकवा, नाकावर गार पाण्याची धार सोडा, पकड सुटते. जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, टेगूपासून होत नाही, पण साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांना त्याला हात लावू देऊ नका आणि त्याची ताटली स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.