युरोपात पार्सल पाठवताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की पुण्या-नाशिकच्या कुरिअरच्या दुकानांत एक सल्ला हमखास मिळतो: "वर गिफ्ट लिहा, कस्टम लागत नाही." जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडला जाणाऱ्या पार्सलांचा बराचसा घोळ या सल्ल्यापासूनच सुरू होतो.

भेटवस्तूची सवलत खोटी नाही. पण युरोपीय संघात (जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड धरून 27 देशांच्या गटात) ती 45 युरोपर्यंतच आहे आणि तिला अटी आहेत. पाठवणारी व्यक्ती असावी, घेणारीही व्यक्तीच असावी, वस्तू घरच्या वापराची असावी, पार्सल अधूनमधून जाणारं असावं आणि त्याबद्दल पैसे घेतलेले नसावेत. आईने घरून बांधून पाठवलेला डबा यात बसतो. पण तिने संकेतस्थळावर साडी निवडली, पैसे भरले आणि दुकानदाराला थेट म्युनिकचा पत्ता दिला, तर लेकीसाठी ती भेट असली तरी कस्टमच्या लेखी तो दुकानाने पाठवलेला माल असतो. तिथे 45 युरोचा प्रश्नच येत नाही. पूर्वी 22 युरोपर्यंतच्या मालाला व्हॅट माफ होता. ती माफी 1 जुलै 2021 पासून गेली, त्यामुळे आता पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो.

60 युरोची एकच साडी पाठवली तर वरच्या 15 युरोंवरच कर लागेल, हाही गैरसमज आहे. एका वस्तूची किंमत तोडून मोजत नाहीत, कर पूर्ण 60 वर बसतो. म्हणून लोक पावतीवर 20 युरो लिहितात. हे करू नका. अधिकारी तीच साडी इंटरनेटवर दोन मिनिटांत शोधतो, मग पार्सल अडकतं, खरेदीची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं जातं, वर दंडाची टांगती तलवार. शिवाय खरी किंमत लिहिण्यात वाटतो तेवढा तोटाही नाही. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या 700 युरोपर्यंतच्या पार्सलाला वस्तूनुसार चढे दर न लावता सरसकट 2.5 टक्के सीमाशुल्क घेण्याची तरतूद आहे. (तंबाखू त्यात नाही.) त्याच दिवशी त्याच पत्त्यावर तीन छोटी पार्सलं पाठवण्याची युक्तीही जुनी झाली, ती एकत्र मोजली जाऊ शकतात.

हिशोब नेमका कशावर होतो?

घरबसल्या कुर्ते विकणाऱ्या बायकांची इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. समजा, बर्लिनच्या गिऱ्हाइकाला 200 युरोचे सुती कुर्ते पाठवले आणि टपालखर्च 40 युरो आला. सीमाशुल्क 200 वर नाही, 240 वर लागतं, कारण तिथवर पोचवण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरतात. तयार कपड्यांचा नेहमीचा दर 12 टक्के धरला तर 28.80 युरो झाले. व्हॅट त्याच्याही वर, म्हणजे 268.80 वर. जर्मनीचा 19 टक्के दर लावला की 51.07 युरो. एकूण जवळपास 80 युरो, आणि टपाल किंवा कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं नाही, तर तो पार्सल नाकारतो आणि माल परत आणायचा भुर्दंड तुमच्या गळ्यात पडतो.

सीमाशुल्काची 150 युरोची मर्यादा मात्र टपालखर्च वगळून, नुसत्या मालाच्या किमतीवर मोजतात. त्या आतल्या मालाला आधी फक्त व्हॅट होता. पण डिसेंबर 2025 मध्ये संघाच्या सदस्य देशांनी ठरवलं की 1 जुलै 2026 पासून ऑनलाइन खरेदीच्या अशा छोट्या पार्सलांतल्या मालावर 3 युरोचं ठोक शुल्क घ्यायचं. स्वस्त कानातल्यांचे, चुंबकांचे, कीचेनचे धंदे करणाऱ्यांनी किमती नव्याने मांडलेल्या बऱ्या.

सगळा युरोप एक नाही

सीमाशुल्काचा दर संघाच्या 27 देशांत एकच आहे. माल एकदा शुल्क भरून आत आला की पॅरिसहून प्रागला नेताना पुन्हा शुल्क नाही. ही व्यवस्था तेव्हाच्या सहा सदस्य देशांनी 1 जुलै 1968 ला पूर्ण केली. व्हॅट मात्र ज्याचा त्याचा: लक्झेंबर्गमध्ये 17 टक्के, नेदरलँड्समध्ये 21, हंगेरीत 27. तेव्हा "माझ्या भावाने ॲमस्टरडॅममध्ये एवढेच भरले होते" हा पुरावा बुडापेस्टमध्ये चालत नाही.

स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि 2021 पासून ब्रिटन या व्यवस्थेबाहेर आहेत. लंडनच्या मावशीकडे सामान पाठवायचं आणि तिने ते पुढे जर्मनीला टाकायचं, हा मार्ग महागात पडतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात शून्य शुल्काचा करार आहे, पण तो तिथे बनलेल्या मालासाठी. पैठणी लंडनला आठ दिवस राहिली म्हणून ब्रिटिश होत नाही, दोन्हीकडे कर भरावा लागू शकतो.

खाण्याचं, औषधाचं आणि सोन्याचं

इथे दराचा प्रश्न नाही, बंदीचा आहे. साजूक तूप, खवा, पेढे हे दुधाचे पदार्थ आणि कुठलंही मांस खासगी पार्सलातून किंवा बॅगेतून नेता येत नाही. सापडलं की जप्त होऊन नष्ट होतं, कर भरायची तयारी दाखवून सुटका नाही. तेलातली चकली, चिवडा, शेव यांना हा नियम लागत नाही. ताज्या फळांना आणि कढीपत्त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांनाच सूट. आपल्या हापूसवर तर फळमाशीमुळे मे 2014 पासून 2015 च्या सुरुवातीपर्यंत बंदीच होती, त्यामुळे आंब्याच्या पेटीकडे तिथले अधिकारी कौतुकाने बघतील अशी अपेक्षा नको. औषधं जर्मनीला टपालाने मुळीच पाठवू नका. स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची, बॅगेत घेऊन जावीत.

लग्नाचे दागिने नेणाऱ्यांनी एवढं बघा: विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला 430 युरोपर्यंत सूट आहे, पण एक वस्तू दोघांच्या सवलतीत विभागता येत नाही. नवऱ्याची आणि बायकोची मर्यादा जोडून 800 युरोचा हार मोकळा सुटत नाही. नवा दागिना असेल तर विमानतळावर लाल मार्गाने (माल जाहीर करणाऱ्यांच्या) जाऊन पावती दाखवावी. हिरव्या मार्गाने (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या) जाताना पकडलं गेलं की ती करचुकवेगिरी ठरते.

पार्सल अडकलंच तर

बहुतेक वेळा कारण वर्णनात असतं. "कपडे" किंवा "गिफ्ट" हे वर्णन नव्हे. "स्त्रियांचा सुती कुर्ता, 2 नग, प्रत्येकी 25 युरो" असं लिहावं, शक्य तर सहा अंकी एचएस कोडसह (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक). अडकल्याची सूचना आल्यावर बसून राहू नका, पार्सल मोजके दिवस ठेवून परत पाठवतात. मात्र कर भरण्याची लिंक एसएमएसने आली तर ती न उघडता वाहतूक कंपनीच्या संकेतस्थळावर ट्रॅकिंग क्रमांक घालून खात्री करा.

संकेतस्थळाने खरेदीच्या वेळीच व्हॅट घेतला आणि दारात पुन्हा मागितला, तर विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक पार्सलाच्या माहितीत गेलेला नसतो. अशा वेळी परतावा विक्रेत्याकडे मागावा. आकारणीच चुकली असेल तर कराची नोटीस हाती आल्यावर जर्मनीत एक महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते. त्यासाठी नोटीस आणि खरेदीची पावती, दोन्ही जपून ठेवा.